फियाट नुओवा ५००: गरम झाली की बंद पडते, गार झाली की आपोआप सुरू होते

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, पंधरा-वीस किलोमीटर झकास पळते, मग चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये मिसिंग मारायला लागते आणि बंद पडते. स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की काही झालंच नाही अशी सुरू होते. मग कोणी कंडेन्सर बदलतो, कोणी पंप, कोणी अख्खा कार्बोरेटर. पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

पुन्हा तेच होतं, कारण कंडेन्सर आणि पंप हे बहुतेक वेळा उष्णतेने मेलेले असतात आणि उष्णता तशीच राहिलेली असते. म्हणून इथे काम दोन टप्प्यांत मांडलं आहे. गाडी बंद पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत पेट्रोल अडलं की करंट अडला हे ठरवायचं. त्यानंतर घरी येऊन इंजिनला हवा कुठे कमी पडते ते शोधायचं. दुसरा टप्पा लोक टाळतात, म्हणूनच हा रोग जुना होतो.

हे सगळं फियाटचे अभियंते दांते जाकोसा यांच्या १९५७ च्या नुओवा ५०० ला आणि तिच्या डी, एफ, एल, आर या पुढच्या मॉडेलना लागू आहे. मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं, दोन उभ्या सिलिंडरचं इंजिन: सुरुवातीला ४७९ सीसी, १९६० पासून ४९९.५ सीसी आणि १९७२ च्या आर मध्ये ५९४ सीसी. जार्दिनिएरामध्ये, म्हणजे हिच्या स्टेशन वॅगन रूपात, हेच इंजिन आडवं झोपवलेलं आहे. तिथे हवेचा मार्ग वेगळा आहे, त्यामुळे हवेबद्दलचा भाग तिला जसाच्या तसा लावू नका. करंट आणि पेट्रोलची तपासणी मात्र तीच.

बंद पडल्यावर पहिली पाच मिनिटं

गाडी गार होऊ देऊ नका. गार झाली की पुरावा गेला. डिकीत प्लगचा पाना, एक जास्तीचा चांगला प्लग, रबरी मुठीची पक्कड, टेस्ट लॅम्प, एक छोटी बाटली आणि अग्निशामक एवढं कायम ठेवा.

सगळ्यात आधी पुढचं बोनेट उघडून पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करा आणि कान द्या. 'स्स्स' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. टाकी पुढे आणि पंप मागे, त्यामुळे पेट्रोल गाडीच्या अख्ख्या लांबीतून ओढून न्यावं लागतं. टाकीत हवा शिरली नाही की आत पोकळी धरते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पंपाची ताकद अपुरी पडते. लक्षणं हुबेहूब 'गरम झाली की बंद' अशीच, पण उष्णतेचा काही संबंध नाही. झाकण सैल करून गाडी लगेच धरली तर भोक सुईने साफ करा, निदान संपलं.

आवाज आला नाही तर करंट बघा. एका प्लगची वायर काढा, जास्तीचा प्लग तिला लावा, पकडीने धरून प्लगचं धातूचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि दुसऱ्या माणसाला पुढच्या सीटांच्या मधला स्टार्टरचा खटका ओढायला सांगा. कार्बोरेटरपासून लांब टेकवा. तिथे पेट्रोलची वाफ असते. ठिणगी जाड, निळी आणि 'टक्' असा आवाज करणारी हवी. नारिंगी, बारीक, थांबून थांबून येणारी ठिणगी म्हणजे करंट नाहीच असं धरा. बाहेरच्या हवेत जेमतेम उडी मारणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली उडत नाही.

करंट चांगला असेल तर इंजिनमधला एक प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा भपकारा येणारा असेल तर पेट्रोल जास्त झालं आहे. कोरडा असेल तर पेट्रोल येतच नाही. कोरडा निघाला तर कॉइलची मधली वायर काढून बाजूला बांधा, कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून बाटलीत घाला आणि स्टार्टर फिरवा. पेट्रोल ठोक्याठोक्याने, भरीव धारेत यायला हवं. बुडबुडे आले किंवा नुसती फुसफुस झाली तर नळीत वाफ धरली आहे किंवा कुठून तरी हवा ओढली जाते आहे. गरम इंजिनवर पेट्रोलचा एक थेंबही सांडू देऊ नका. सांडलाच तर पुसून, वाळेपर्यंत थांबून मगच कॉइलची वायर परत लावा.

एवढ्यावर रोग तीनपैकी कुठल्या घरातला हे कळतं. आता एकेक घर.

करंट अडतो

पहिला संशयित कंडेन्सर. गार असताना बरा, गरम झाला की आतल्या आत गळतो. पॉइंटवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर, मोठ्या पिवळ्या ठिणग्या दिसतात आणि पॉइंटची टोकं निळसर, खडबडीत होतात. त्याची किंमत साधारण ०.२ मायक्रोफॅरड असते. मल्टिमीटरवर गार असताना बघून उपयोग नाही. हेअर ड्रायरने हात लावून सोसवणार नाही इतका तापवा आणि मग मोजा. आकडा घसरला किंवा नाचायला लागला तर फेकून द्या. नवे स्वस्त कंडेन्सर पाकिटातूनच खराब निघतात. म्हणून लावण्याआधी नव्याचीही हीच परीक्षा घ्या आणि पास झालेला एक डिकीत ठेवा.

दुसरी कॉइल. १२ व्होल्टच्या मूळ व्यवस्थेत रेझिस्टर नाही, तेव्हा प्रायमरीचा रोध साधारण ३ ओहम हवा. दुकानात 'जास्त ताकदीची' म्हणून मिळणारी १.५ ओहमची कॉइल रेझिस्टरशिवाय लावली की तिच्यातून दुप्पट करंट वाहतो. ती स्वतः भाजते आणि पॉइंटही जाळते. अशी कॉइल सापडली तर बाकी काही शोधण्याआधी तीच बदला. बरोबर कॉइलही गाडी बंद पडल्या क्षणी, गरम असतानाच मोजा. आतली तुटलेली तार गार झाली की पुन्हा टेकते आणि मीटर सगळं ठीक सांगतो.

तिसरं कारण लोकांच्या नजरेतून सुटतं: डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी लवचीक वायर आणि ती बाहेर येते तिथला इन्सुलेटर. वायरचं वरचं आवरण शाबूत दिसतं, आतले तांब्याचे धागे तुटलेले असतात. वायर हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं उरलेलं नाही.

पॉइंटची फट ०.४७ ते ०.५३ मिमी. फट बदलली की टायमिंग सरकतं, म्हणून आधी फट आणि मग टायमिंग, उलटं कधीही नाही. टायमिंगसाठी टेस्ट लॅम्प कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि अर्थला लावा, क्रँकची पुली डेड सेंटरच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेच्या) १० अंश आधी आणा, इग्निशन चालू करा आणि दिवा नेमका पेटतो त्या जागी डिस्ट्रिब्युटर आवळा. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं वेग वाढला की आणखी १८ अंश देतात, म्हणजे एकूण २८. वजनं गंजून अडकली की टायमिंग मागेच राहतं, जळण उशिरा होतं आणि सगळी उष्णता एक्झॉस्टच्या बाजूने हेडमध्ये शिरते. स्ट्रोब लाइट असेल तर वेग वाढवून २८ पर्यंत जातं का ते जरूर बघा. उभ्या गाडीवर १० बरोबर दिसणं हे अर्धंच उत्तर आहे.

पेट्रोल येत नाही

वाफ धरणं हे उन्हाळ्याचं दुखणं मानतात. प्रत्यक्षात इटलीत ते वसंतातल्या पहिल्या गरम रविवारी जास्त भेटतं. हिवाळ्यात विकलं जाणारं पेट्रोल थंडीत चटकन पेटावं म्हणून अधिक बाष्पशील असतं. डिसेंबरात टाकी भरून गाडी झाकून ठेवली आणि एप्रिलमध्ये बाहेर काढली की तेच पेट्रोल पंपात उकळतं. अशी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पंप इंजिनलाच बोल्टने बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टवरून एका छोट्या दांड्याने चालतो. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बेकेलाइटचा जाड तुकडा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग. हा तुकडा उष्णता अडवतो. तो तुटला म्हणून नुसत्या पॅकिंगवर पंप बसवलेली गाडी गरम झाल्यावर बंद पडणारच. पॅकिंगची जाडी दुसरंही काम करते: दांडा जास्तीत जास्त बाहेर आलेला असताना बेकेलाइट आणि पॅकिंगच्या वर १ ते १.५ मिमी दिसायला हवा. पॅकिंग जास्त झाले तर पंपाचा ठोका अपुरा पडतो, कमी झाले तर डायफ्रॅमवर ताण येतो. पंप बदलताना जुनं पॅकिंग पाहून अंदाजाने नवं लावू नका, क्रँक फिरवून दांडा मोजा.

रबरी नळ्यांकडे नीट बघा. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर पेट्रोल ओढलं जातं, ढकललं जात नाही, त्यामुळे इथे भेग पडली तरी गळती दिसत नाही. पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गरम झालेली जुनी नळी मऊ पडते, क्लिप सैल होते आणि तोवर बरी चालणारी गाडी दम तोडते. टाकीजवळची, गाडीच्या मधल्या बोगद्यातून बाहेर पडतानाची आणि पंपाजवळची अशा सगळ्या रबरी जोडण्या एकदमच बदला, इथेनॉलला टिकणाऱ्या नळीने. कोणी मधे प्लॅस्टिकचा फिल्टर बसवून तो इंजिनच्या कप्प्यात लटकत ठेवला असेल तर तो काढून पुढे टाकीजवळ न्या. गरम कप्प्यातला तो फिल्टर म्हणजे वाफेची पिशवी.

इलेक्ट्रिक पंप हा शेवटचा उपाय. लावायचाच तर टाकीजवळ, कमी दाबाचा, आणि अपघातात आपोआप बंद होईल अशा रिलेसह. जास्त दाबाचा पंप वेबर कार्बोरेटरमधली पेट्रोल आत सोडणारी छोटी फ्लोट-सुई ढकलून उघडतो आणि रोग पुढच्या घरात जातो.

पेट्रोल जास्त होतं

ही तक्रार जरा वेगळी: गाडी चालताना बंद पडत नाही, पेट्रोल भरायला किंवा कॉफीला दहा मिनिटं थांबवली की पुन्हा धरत नाही. इंजिन बंद झालं की पंखाही थांबतो, हेडमधली साठलेली उष्णता वर कार्बोरेटरमध्ये चढते, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून घशात सांडतं. अशा वेळी चोकचा खटका ओढणं म्हणजे आगीत तेल. चोक पूर्ण खाली, ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि स्टार्टर सलग सात-आठ सेकंद फिरवा. जास्तीचं पेट्रोल बाहेर फेकलं गेलं की इंजिन धरतं.

रोज असं होत असेल तर तीन गोष्टी तपासा. कार्बोरेटरखालचा उष्णता अडवणारा तुकडा जागेवर आहे का. चोकची केबल पूर्ण परत येते का: आतला खटका खाली असतो, पण गंजलेली केबल कार्बोरेटरवरचा लिव्हर अर्धवट उघडा ठेवते, म्हणून तो मागे जाऊन डोळ्यांनी बघा आणि बोटाने दाबून बघा. तिसरं, फ्लोटची सुई झिजून कडा पडली आहे का. सुई आणि तिची सीट जोडीनेच बदलावी.

कार्बोरेटरचे नट जीव खाऊन आवळू नका. २६ आयएमबी या वेबर कार्बोरेटरचा फ्लँज (बसण्याची कड) मऊ असतो आणि वाकतो. वाकला की मधल्या फटीतून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पातळ मिश्रण इंजिन तापवतं. फ्लँज काढून काचेवर ठेवा. डुगडुगला तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून घासून सरळ करा.

आता मूळ: हवा

वरची सगळी दुरुस्ती झाली तरी हा भाग केल्याशिवाय गाडी बरी झाली असं मानू नका. ५०० ला रेडिएटर नाही. डायनमोच्याच दांड्यावर बसलेला पंखा मागच्या काचेखालच्या जाळीतून हवा ओढतो आणि पत्र्याच्या कव्हरमधून सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पंखांवर (फिन्सवर) फेकतो. ही वाट सलग आणि बंदिस्त असेल तर जुलैतल्या दुपारीही हे इंजिन घाटात तक्रार करत नाही.

पहिली फाटते ती हवेची लवचीक नळी, काचेखालच्या जाळीपासून पंख्याच्या कव्हरपर्यंतची. ती वरून धड दिसते आणि खालच्या घडीत चिरलेली असते. हात घालून प्रत्येक घडी बोटाने उघडून बघा. चिरली असेल तर पंखा बाहेरची गार हवा सोडून इंजिनच्या कप्प्यातलीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. या रोगाच्या गाड्यांमध्ये इतक्या वेळा हीच नळी दोषी निघते, की करंट तपासण्याच्या आधी ही बघितली तरी चूक होणार नाही.

मग पट्टा. अंगठ्याने साधारण १० किलोच्या जोराने दाबल्यावर १ सेंटिमीटर आत जायला हवा. इथे डायनमो सरकवून पट्टा ताणत नाहीत. डायनमोची पुली दोन तबकड्यांची आहे आणि मधे पातळ चकत्या असतात. तीन नट काढायचे, मधली एक चकती काढून बाहेरच्या बाजूला लावायची, तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर चढून ताणला जातो. चकती टाकून देऊ नका, नवा पट्टा लावताना तीच परत मधे लागेल. बाजू काचेसारख्या चकाकणारा किंवा खोबणीच्या तळाला टेकलेला पट्टा घसरत असतो. चार्जिंगचा दिवा चालताना पेटला तर 'घरी जाऊन बघू' म्हणू नका. डायनमो आणि पंखा एकाच दांड्यावर आहेत: पट्टा तुटलेला असेल तर थंडावाही थांबला आहे. तिथेच गाडी उभी करा.

कव्हरच्या बाजूला, वापरलेली हवा बाहेर पडते तिथे, थर्मोस्टॅटने उघडणारी झडप असते. गार असताना मिटलेली, वीस मिनिटं चालवल्यावर उघडी दिसायला हवी. गंजून मिटलेली राहिली तर हवेला जायला वाटच नाही. थर्मोस्टॅट सोडवून उकळीला आलेल्या पाण्यात धरा. लांब होत नसेल तर मेला. नवा मिळेपर्यंत झडप तारेने उघडी बांधून ठेवा. हिवाळ्यात इंजिन तापायला उशीर लागेल, पण हेड वाचेल.

आणि शेवटी ते काम, ज्यासाठी अर्धा दिवस जातो. पत्र्याचं कव्हर काढा. टॅपेटच्या दांड्यांच्या नळ्यांची रबरं वर्षानुवर्षं गळत असतात, ते तेल सिलिंडरच्या पंखांवर उतरतं आणि रस्त्याची धूळ त्यात बसते. कव्हर उचललं की पंखांच्या मधे काळा, दाट, नमद्यासारखा थर दिसतो. बोटाने ओढलं तर पट्टीसारखं सुटून येतं. असं इंजिन घोंगडी पांघरून धावत असतं. लाकडी पट्टीने आणि ब्रशने काढा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. नळ्यांची रबरं बदला, नाहीतर दोन उन्हाळ्यांत पुन्हा तेच. कव्हर परत लावताना प्रत्येक स्क्रू लावा. एक स्क्रू नसला की तिथे फट पडते आणि पंख्याचा दाब तिथूनच निघून जातो.

हीटर या गाडीत याच हवेवर चालतो, इंजिनवरून आलेली हवा बोगद्यातून सरळ माणसांपर्यंत येते. घाटात अडकल्यावर हीटर उघडला की गरम हवेला जादा वाट मिळते आणि थोडा फरक पडतो, तेवढ्यापुरतं ठीक. पण एक्झॉस्टचं पॅकिंग फुंकत असेल तर त्याच वाटेने धूर आणि कार्बन मोनॉक्साइड आत येईल. हीटर उघडल्यावर जळका वास आला तर लगेच बंद करा, काचा उघडा आणि आधी ते पॅकिंग बदला.

टॅपेट, प्लग, तेल

टॅपेटची फट इंजिन पूर्ण गार असताना इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला ०.१५ मिमी. दोन्ही पिस्टन एकत्र वर येतात, त्यामुळे काम सोपं: पिस्टन वर आणा, ज्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट सैल असतील ते सेट करा, क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा, दुसरे दोन करा. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन उतरतं आणि गरम इंजिन धरायला त्रास देतं.

प्लग १४ मिमी आट्यांचा, आट्यांची लांबी मूळ प्लगाएवढीच हवी. लांब आट्यांचा प्लग बसतो म्हणून लावू नका. फट ०.५ ते ०.६ मिमी. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या जवळ ठेवा. इतक्या कमी तेलात अर्धा लिटर कमी असणं फार मोठं असतं, कारण हे तेलही थंडाव्याचं काम करतं. उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० चांगलं. पंखवाला मोठा ॲल्युमिनियमचा संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं) तेल गार ठेवतो, पण चिरलेल्या हवेच्या नळीवर तो इलाज नाही.

इथेनॉलबद्दल

भारतात अशी गाडी चालवणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावं, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मिश्रण ७-८ टक्के पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. एफच्या २६ आयएमबी ४ मध्ये मूळ मेन जेट ११२ चा, म्हणजे भोक १.१२ मिमी. पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर वाहतं, तेव्हा ११५ लावलं की साधारण ५ टक्के वाढ मिळते. तिथून सुरुवात करा, चढावर जोरात चालवून लगेच इंजिन बंद करा आणि प्लग बघा. पांढराफटक असेल तर अजून एक पायरी वर, बदामी असेल तर थांबा. आर मॉडेलला २८ आयएमबी आहे, तिला हे आकडे लावू नका.

चढाची परीक्षा

दुरुस्तीनंतर सपाट रस्त्यावरची चक्कर काही सांगत नाही. गरम दुपारी सलग २० किलोमीटर चालवा, त्यात चढ असू द्या, मग इंजिन बंद करून घड्याळ लावून १२ मिनिटं उभी करा. कार्बोरेटर सर्वांत जास्त तापतो तो साधारण याच वेळात. मागचं झाकण मिटलेलंच ठेवा. ते उघडं ठेवून घेतलेली परीक्षा खोटी. १२ मिनिटांनी चोक न ओढता स्टार्टर ओढा. दोन-तीन सेकंदांत धरली, आणि हीच चाचणी वेगवेगळ्या दिवशी तीनदा पास झाली, तर डिकीतला तो जास्तीचा प्लग आणि कंडेन्सर तिथेच राहू द्या आणि गाडी घाटात न्या.